मालिकेतलं सत्य बाहेर यायला इतकी वर्षं का लागतात? (आईसोबत बघून बघून वेड लागायची पाळी आलीय)

खिचडी_पापड

मंडळी, आधीच सांगतो, मी मालिका बघणारा माणूस नाही. म्हणजे नव्हतो. जूनमधे आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हापासून ती साताऱ्याहून आमच्याकडे कोथरूडला आलीय, आणि संध्याकाळी साडेसहा ते दहा हॉलमधला टीव्ही तिचा. माझं ऑफिसचं टेबल पण हॉलमधेच. पहिले आठ दिवस हेडफोन घालून बसलो, मग एक दिवस हेडफोनचं चार्जिंग संपलं आणि तिथून जी घसरगुंडी सुरू झाली ती झालीच.

तर साडेआठला स्टार प्रवाहवर 'ठरलं तर मग'. डिसेंबर २०२२ मधे सुरू झालेली मालिका, मी उगवलो २०२५ च्या जूनमधे, त्यामुळे आईने मला मागची अडीच वर्षं भाजी निवडता निवडता दोन संध्याकाळींत सांगून टाकली. सायली आश्रमात वाढलेली, अर्जुन सुभेदार वकील, आश्रमाच्या मधुभाऊंवर खुनाचा खोटा आळ, त्यांना सोडवायचं म्हणून दोघांचं कॉन्ट्रॅक्ट मॅरेज, इथपर्यंत मला पटलं, खरं सांगायचं तर आवडलंच. मग आई आवाज खाली करून म्हणाली, "आणि ही सायलीच किल्लेदारांची हरवलेली तन्वी बरं का. ती प्रिया खोटी तन्वी होऊन बसलीय." म्हटलं हे कधी कळलं? तर म्हणे, कधीच. आईला माहितीय, आमच्या पोळ्यांच्या मावशींना माहितीय, आता मला माहितीय, फक्त जिचे आईबाप त्यांनाच माहीत नाही!!

आता खरा वैताग सांगतो. परवा एका मालिकेत (कुठली ते सांगत नाही, घरात भांडणं नकोत) सून सासूसमोर उभी राहून म्हणते, "आई, मला तुम्हाला काहीतरी सांगायचंय." बस. एवढं म्हणाली आणि मी मोबाईलवर घड्याळ लावलं. ब्रेक लागेपर्यंत एक मिनिट चाळीस सेकंद. तेवढ्या वेळात अकरा चेहरे दाखवले, सासू, सासरे, दोन्ही जावा, जिन्यावरची नणंद, हातात ट्रे धरलेली कामवाली, शिवाय एक बाई जी कोण आहे हे आईला पण माहीत नाही. देव्हाऱ्यातल्या बाळकृष्णाला पण क्लोजअप मिळाला. आणि ब्रेकनंतर काय, तर सून चक्कर येऊन पडली. मी एवढा मोठ्याने ओरडलो की चालू मीटिंगमधे माझा माईक सुरू होता ते नंतर कळलं.

माझा प्रश्न साधा आहे. लेखकांना पुढचं सुचत नाही म्हणून हे असं होतं, का बघणाऱ्यांना हेच हवंय? का तिसरंच काहीतरी आहे? आणि कृपा करून "मग बघता कशाला" हा प्रतिसाद कुणी देऊ नका, तो बायकोने देऊन झालाय.

घाटावरचा

मग बघता कशाला

फोडणीची_पोळी

घाटावरचा, तुम्ही ना, खरंच.

खिचडी, तुमची चूक एवढीच की तुम्ही मालिका बघताय. ती ऐकायची असते हो! हसू नका, खरं सांगतेय. साडेआठला माझ्या गॅसवर एकीकडे तवा, एकीकडे आमटी, कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या, मधेच धाकटा 'आई पट्टी कुठेय' करत येणार. मी टीव्हीसमोर कितीदा येते? ब्रेकच्या आधी एकदा आणि शेवटी एकदा, हात पदराला पुसत. बाकी सगळं कानाने. म्हणून तर त्यातली माणसं मनातल्या मनात पण मोठ्याने बोलतात, "हिला कळलं तर माझं काय होईल" वगैरे, आणि म्हणून एखादी गोष्ट झाली की ती सासूला, मग जावेला, मग फोनवर माहेरी अशी तीनदा सांगतात. तुम्हाला तेच तेच वाटतं, मला त्या तीनातलं एकदा ऐकू येतं. आणि ते ढँण ढँण म्युझिक तुमच्यासाठी नाहीये, आमच्यासाठी आहे, गॅस बारीक कर आणि ये बाहेर असा त्याचा अर्थ.

गंमत सांगते. झी मराठीवर 'लक्ष्मी निवास' सुरू झाली डिसेंबर २०२४ मधे, आठ ते नऊ, अख्ख्या तासाची, म्हणजे माझी पूर्ण स्वयंपाकाची वेळ. त्यात जान्हवीचा तो नवरा जयंत. सुरुवातीला किती दिवस मला तो मुलगा आवाजावरून इतका गुणाचा वाटायचा, किती हळू बोलतो, किती जपतो बायकोला, मी तर नवऱ्याला ऐकवलं पण होतं, शिका जरा. मग एकदा फोडणी घालून बाहेर आले आणि त्याचा चेहरा बघितला. तो घरभर लावलेल्या कॅमेऱ्यांमधून बायको काय करतेय ते स्क्रीनवर बघत बसलेला, आणि चेहऱ्यावर ते तसलं हसू. माझ्या अंगावर काटा आला. त्या दिवशी भेंडी करपली. पण मला विचाराल तर तो मेघन जाधव आणि हर्षदा खानविलकर यांच्यासाठी मी करपलेली भेंडी पण खाईन.

साडेआठला आमच्या घरी रिमोटवरून जे होतं ते वेगळ्या धाग्यात लिहावं लागेल. सासूबाई प्रवाहवाल्या, मी झीवाली.

बाबूराव_७२

आमच्या वेळेला हे प्रकार नव्हते. 'श्रीयुत गंगाधर टिपरे' आठवा. अल्फा मराठीवर (आताचं झी मराठी) २००१ साली सुरू झालं, आठवड्यातून एक भाग, प्रत्येक भागात एक घरगुती प्रसंग आणि तो त्याच भागात संपायचा. दिलीप प्रभावळकरांचे आबा, शुभांगी गोखलेंची श्यामला, राजन भिसेंचा शेखर, शिऱ्या आणि शलाका. पाच माणसं आणि एक घर एवढ्यावर काही वर्षं काढली त्यांनी. कुणाला विष घातलं नाही, कुणाची स्मृती गेली नाही. आता एकाच मालिकेत तीन जणांची स्मृती जाते.

शेवग्याची_शेंग

बाबूराव काका, टिपऱ्यांना तोड नाही, मान्य. पण त्याच काळात 'वादळवाट' पण होती आणि ती पण वर्षानुवर्षं चालली होती, माझी आज्जी त्यापायी देवाची सांजवात अलीकडे घ्यायची हे माझ्या डोळ्यासमोर आहे. आपल्याला जुन्यातलं चांगलं तेवढं लक्षात राहतं.

दुसरा_असिस्टंट

बरेच दिवसांनी लॉगिन केलं, राहवलं नाही. मी दोन वर्षं घोडबंदर रोडला एका मालिकेच्या सेटवर असिस्टंट होतो, आता त्या लाईनीत नाही त्यामुळे थोडं मोकळं बोलतो. मालिकेचं नाव विचारू नका.

पहिली गोष्ट, लेखकांना सुचत नाही हे साफ चूक. आमच्या लेखकाला त्या मालिकेचा शेवट पहिल्या दिवशी माहीत होता. पण असं बघा, तुम्ही दुकान टाकलंय आणि तुमच्याकडे विकायला एकच चांगला माल आहे, तो म्हणजे ते गुपित. ते विकलं की दुकानात काय ठेवणार? नवीन गुपित शोधावं लागतं, आणि ते चालेल का नाही याची खात्री कोण देणार. दर गुरुवारी बार्कचे, म्हणजे टीआरपीचे आकडे येतात, सेटवर त्या दिवशी सकाळपासून सगळे गप्प असतात. आकडा वर गेला तर चॅनलचा निरोप येतो, हाच ट्रॅक ताणा, लोकांना आवडतोय. आकडा खाली आला तरी निरोप येतो, काहीतरी मोठं करा. 'काहीतरी मोठं' म्हणजे लग्न, अपघात नाहीतर जुनं माणूस परत येणं. सत्य सांगून टाकणं हे सगळ्यात शेवटी, घरातलं सोनं मोडल्यासारखं.

दुसरं ते अकरा चेहरे. अर्ध्या तासाच्या स्लॉटमधे जाहिराती जाऊन बावीस मिनिटांच्या आसपास उरतात. त्या बावीस मिनिटांत कालचं थोडं, उद्याचं थोडं, उरलेलं आजचं. आणि हे रोज, आठवड्याला सहा भाग, वर रविवारी महाएपिसोड मागितला की तो वेगळा. सकाळी कॉलटाइमला आर्टिस्ट मेकअप करून तयार आणि सीन अजून लेखकाच्या लॅपटॉपमधे, हे मी इतक्यांदा बघितलंय. मग पाच पानांचा सीन साडेतीन पानांचा येतो आणि उरलेलं कशाने भरायचं? चेहऱ्यांनी. आमचा डायरेक्टर तर मोकळा वेळ मिळाला की एकेका आर्टिस्टला खिडकीशी उभं करून नुसत्या रिॲक्शन घेऊन ठेवायचा. "काकू, धक्का बसला. आता राग. आता काहीतरी आठवलं. झालं, जेवायला जा." त्या काकूंचा एकच धक्का आम्ही तीन वेगवेगळ्या सीनला वापरला. फक्त एका बाईंनी चॅनलच्या पेजवर लिहिलं होतं की सगळ्यांच्या गौरीच्या साड्या आहेत आणि या एकट्याच घरातल्या साडीत का.

तिसरं, जे बाहेर कुणाला माहीत नसतं. मराठीत बरेच आर्टिस्ट नाटक पण करतात. शनिवार रविवार प्रयोग असले की त्यांच्या तारखा नाहीत. मग ते पात्र 'गावाला गेलंय', 'देवदर्शनाला गेलंय', नाहीतर 'डोकं दुखतंय म्हणून खोलीत झोपलंय'. आता समजा सत्य सांगायचा सीन आहे आणि ज्याला सांगायचं तोच सांगलीत प्रयोगाला आहे, तर काय करणार? सून चक्कर येऊन पडणार.

खिचडी_पापड

असिस्टंट साहेब, दंडवत. "डोकं दुखतंय म्हणून खोलीत" वाचून आईला सांगितलं तर ती म्हणाली, "म्हणजे त्या दिवशी खरंच बाहेर होता होय तो, मला वाटलं रुसलाय."

अटलांटाची_वहिनी

माझा उलटा अनुभव. मी इकडे शनिवारी सकाळी हॉटस्टारवर आठवड्याचे सगळे एपिसोड एका दमात बघते आणि एका दमात बघितलं की खरंच डोकं फिरतं, कारण सोमवारी सुरू झालेली मंगळागौर शनिवारी पण चालूच असते, तेच उखाणे, तीच फुगडी, आणि खलनायिका तोच दुधाचा पेला घेऊन सहा दिवस त्याच जिन्यावर उभी, दूध नासून दही झालं असेल त्याचं. दहा सेकंद पुढे, दहा सेकंद पुढे करत करत आठवडा पाऊण तासात संपतो. पण त्यात गंमत नाही हे पण तितकंच खरं. सासूबाई मिरजेहून रोज फोन करतात, त्यांच्या रात्री आणि माझ्या सकाळी, आणि पहिलं वाक्य "कळलं का काय झालं काल". त्या सांगतात ती गोष्ट पडद्यावरच्यापेक्षा दहापट भारी असते, त्यात त्यांच्या स्वतःच्या नणंदेचे दोन किस्से पण असतात. मी बघितलेलं असलं तरी सांगत नाही.

मसाला_डबा

कुणीच कॉमेडीबद्दल बोललं नाही म्हणून बोलतो. माझं मत, मराठी टीव्हीवर लिखाण म्हणावं असं सध्या कुठे असेल तर 'हास्यजत्रा'त आहे. सोनी मराठीवर २०१८ पासून चालूय, आणि एकेका स्किटमधे दहा-पंधरा मिनिटांत माणसं उभी करून, गोंधळ घालून, मिटवून पण मोकळे होतात. समीर चौघुले आल्यावर पहिली दोन मिनिटं काहीच करत नाही, नुसता उभा राहतो, खांदे पाडून, आणि आमच्या घरात तिथेच हशा सुरू. नम्रता संभेरावची लॉली म्हटलं की माझी सात वर्षांची पोरगी तसं चालून दाखवते. आता सगळीच स्किटं चांगली असतात असं नाही, आठवड्यातलं एखादं तर पाट्या टाकलेलं असतं आणि परीक्षक जरा जास्तच हसतात, प्रसाद ओक तर कधी कधी खुर्चीतून पडेल असं वाटतं. पण फसलं तरी पंधरा मिनिटांत फसून संपतं ना! पुढच्या आठवड्यात फसलेलं कुणी लक्षात पण ठेवत नाही. तुमच्या मालिकेत फसलेला ट्रॅक चार महिने सोसायचा.

'चला हवा येऊ द्या' पण २०२५ च्या जुलैत परत आलं, अभिजीत खांडकेकर सूत्रसंचालनाला. दोन-तीन भाग बघितले. कुशल बद्रिके, श्रेया बुगडे आहेत म्हणून बघतो, पण भाऊ कदम नाही आणि निलेश साबळे नाही, घरातला कोपरा रिकामा झाल्यासारखं वाटतं. सवय होईल.

फोडणीची_पोळी

@मसाला_डबा सवय होते हो. 'आई कुठे काय करते'मधली संजना आठवतेय का, आधी दीपाली पानसरे होती, मग रुपाली भोसले आली. माझी बहीण म्हणाली होती मी आता बघणारच नाही. महिन्याभरात तिला विचारलं तर "कोण दीपाली?"

त्या मालिकेबद्दल तर मला वेगळंच वाईट वाटतं. डिसेंबर २०१९ ला सुरू झाली तेव्हा त्यातल्या नायिकेने, अरुंधतीने आमच्या बिल्डिंगमधल्या बायकांना बोलायला लावलं होतं, खरंच, लिफ्टमधे विषय निघायचा, मीच का सगळ्यांचे डबे भरायचे असा. मग ताणत ताणत नेली, शेवटच्या वर्षी साडेसातची दुपारी अडीचला टाकली आणि २०२४ च्या नोव्हेंबरात संपली तेव्हा आमच्या लिफ्टमधे कुणी चकार शब्द काढला नाही. मधेच दोन वर्षांनी थांबली असती तर आज नाव काढलं असतं.

दुसरा_असिस्टंट

@फोडणीची_पोळी तुम्ही वर ऐकायची गोष्ट लिहिलीत ना, ती आम्हाला सेटवर पहिल्या आठवड्यात सांगितली होती. संवाद वाचून झाल्यावर आमचा डायरेक्टर डोळे मिटायचा आणि म्हणायचा, "परत वाच, मी आता भांडी घासतोय." कळलं तर सीन पास.

खिचडी_पापड

सगळ्यांचे आभार. असिस्टंट, तुमची भांडी घासायची परीक्षा मी काल खरंच करून बघितली. टीव्हीकडे पाठ करून खरकटी भांडी विसळली. अख्खा एपिसोड कळला. कोण कुठे उभंय, कोण खोटं बोलतंय, सगळं. चेहरे दिसत नसले तर ती एक मिनिट चाळीस सेकंदं पण तेवढी लांब वाटत नाहीत, कढई घासून होते तेवढ्यात.

पण ताणण्याबद्दल माझं मत अजून बदललेलं नाही, कारण जुलैत 'ठरलं तर मग'मधे मधुभाऊ एकदाचे निर्दोष सुटले तेव्हा आमच्या घरात काय झालं ते बघा. आई वॉकर धरून उठली, देवापुढे साखर ठेवली आणि मलाही चिमूटभर हातावर दिली. मी पण खाल्ली. एवढा आनंद माझ्या प्रमोशनला झाला नव्हता. म्हणजे सत्य बाहेर आलं तर लोक टीव्ही बंद करून जात नाहीत, उलट साखर ठेवतात, हे कुणीतरी त्या गुरुवारच्या आकडेवाल्यांना सांगा.

आणि एक राहिलं. १६ ऑगस्टला ज्योती चांदेकर गेल्या. 'ठरलं तर मग'मधली अर्जुनची पूर्णा आजी. आईचं आणि पूर्णा आजीचं आधी पटायचं नाही, सायलीला बोलायच्या म्हणून आई टीव्हीकडे बघून "तुम्हाला सुना नव्हत्या का कधी" असं म्हणायची. बातमी व्हॉट्सॲपवर आली, मी वाचून दाखवली. ती काही बोलली नाही. साडेआठला मी सवयीने रिमोट हातात घेतला तर म्हणाली, "आज नको लावू." मग आम्ही दोघं तसेच बसलो, पाऊस पडत होता, आणि तिने मला तिच्या सासूबद्दल, म्हणजे माझ्या आजीबद्दल, असं काय काय सांगितलं जे मी बेचाळीस वर्षांत ऐकलं नव्हतं. आजी कडक होती एवढंच मला माहीत. माझ्या जन्माच्या वेळी तिने आईसाठी स्वतःच्या बांगड्या विकल्या होत्या हे घरात फक्त दोघींना माहीत होतं. आईने कधी कुणाला सांगितलं नाही. का नाही विचारलं तर म्हणाली, "वेळच आली नाही सांगायची."

शेवग्याची_शेंग

बेचाळीस वर्षं! आणि तुम्ही मालिकेवाल्यांना नावं ठेवताय.

खिचडी_पापड

खिक्क. हे लक्षातच आलं नव्हतं.

बरं, एक अर्जंट. काल साडेआठला आमच्याकडे लाईट गेली ती सव्वानऊला आली. शेवटच्या पाच मिनिटांत बेल वाजली आणि सायली दार उघडायला गेली एवढं पोळ्यांच्या मावशी सांगतायत, त्यांना पुढे बस होती. आईने सकाळपासून चारदा विचारलंय. मोबाईलवर लावून देतो म्हटलं तर एवढ्याशा स्क्रीनवर नको म्हणते. कुणी बघितलंय का? दारात कोण होतं?

अटलांटाची_वहिनी

मी शनिवारी बघणार, मला सांगू नका!!

फोडणीची_पोळी

सासूबाईंना विचारून आले. दार उघडलं. सायलीचा चेहरा. अर्जुनचा चेहरा. परत सायलीचा चेहरा. संपलं. कोण ते आज.

घाटावरचा

आज किती वाजता असतं हे?